ओढलं की सुटणारी गाठ

"पाय खाली सोड. सोड म्हणतो ना! अरे, पँटचं माप देताना माणसं एवढी वळवळत नाहीत."

पिल्लाने पाय पोटाशी आणखीच आखडून घेतला. मिठाच्या कोमट पाण्याची वाटी शिलाई मशीनच्या पाटावर होती. मास्तर डाव्या मुठीत पिल्लू धरून उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याचा सुजलेला पाय पाण्यात बुडवायच्या खटपटीत होते. रेशमापासून जाड्याभरड्या कांबळ्यापर्यंत सगळं ज्या बोटांखालून मुकाट सरळ जायचं, त्या बोटांना मूठभर पिसांनी नाकीनऊ आणले होते.

"बरं, राहिलं. तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे," मास्तर कंटाळून म्हणाले, आणि नेमका तेव्हाच पिल्लाने आपणहून पाय सोडला. पाण्याची ऊब लागली तसं ते गप्प झालं. त्याच्या डोळ्यांवर खालून पांढुरकी पापणी चढली. मास्तरांनी श्वाससुद्धा बेताने घेतला.

मास्तर त्याला गिऱ्हाईक म्हणत. त्याचं नाव ठेवणं त्यांना जमलं नव्हतं. या घरात नावं ठेवायचं खातं बायकोकडे होतं, कोंबड्यांनाही आणि मास्तरांनाही.

परसातल्या कोंबड्या तिच्याच. मास्तरांचा त्यांच्याशी संबंध एवढाच, की एखादी दारातून आत डोकावली की पायातली चप्पल काढून दाखवायची. खुडूक झालेली शेवटची कोंबडी तिने अंड्यांवर बसवली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या छातीत कळ आली. इस्पितळात न्यायला गाडी दारात उभी होती, मास्तर कुलूप शोधत घरभर फिरत होते, आणि ही बाई मक्याच्या भरड्याची पिशवी तोंड बांधून खिळ्याला अडकवत होती.

"पिल्लं बाहेर आली की यातलं घाला मूठमूठ," ती म्हणाली. "नुसतं ओढलं की सुटते गाठ. तुमच्या सवयीनं दात लावू नका."

या घरातलं तिचं ते शेवटचं बोलणं. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली तेव्हा ती नव्हती.

मास्तरांनी मग जमेल तसा संसार सांभाळला. पण एक पिल्लू घारीने उचललं, दोन गारठ्याने गेली, आणि एक दिवस मांजराने कोंबडीलाच धरलं. उरलं ते हे एकटं. मास्तरांनी चिंध्यांच्या खोक्यात त्याची सोय केली, मशीनचा दिवा वाकवून त्याच्यावर धरला आणि त्या दिवसापासून उरलेल्या उजेडात, डोळे बारीक करून काजं करायला लागले. तिने सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं असं घरात एवढंच होतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण बोलून दाखवायला समोर कोणी नव्हतं.

पिशवी मात्र अजून खिळ्यालाच होती. मास्तर दुकानातून भरडा आणून घालत होते. का, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की असू दे, अडीअडचणीला होईल. खरी गोष्ट अशी होती, की तिची गाठ त्यांना बांधता येत नव्हती. एकदा सोडली की ती संपलीच.

गाठींवरून दोघांचा जुना वाद होता. मास्तरांनी मारलेली गाठ कधी सुटत नसे. बटण झिजेल, कापड विरेल, पण गाठ जागची हलायची नाही, असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांना मनापासून आवडायचा. बायकोच्या गाठी बघितल्या की त्यांना हसू यायचं.

"ही काय गाठ आहे? फुंकर मारली तरी सुटेल."

"फुंकरीनं नाही सुटत. ओढल्यावर सुटते."

"अगं, सुटायचीच असेल तर बांधावी कशाला?"

"आणि तुमच्या गाठीला कातर लागते. मी काय जन्मभर कातर कमरेला लावून हिंडू?"

यावर मास्तर मशीनवर पाय जोरात मारायचे, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

पाणी गार झालं तसं मास्तरांनी पिल्लाला बाहेर काढलं, अस्तराच्या मऊ तुकड्याने पाय टिपला आणि मलम लावलं. सूज तसूभरही उतरली नव्हती. पंजा फुगून बटबटीत झाला होता, बोटं लालजांभळी दिसत होती आणि पंजाच्या वर, नळीभोवती एक ओली खपली धरली होती. बाहेरच्या बाजूच्या बोटाचा रंग तर मास्तरांना मुळीच आवडला नाही. समोर भरडा ठेवला. पिल्लाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. कालपासून त्याने चोचीत दाणा घेतला नव्हता.

मास्तर त्याला डॉक्टरांकडे नेऊन आले होते. जनावरांचा दवाखाना, बाकावर सगळी कुत्र्यांची मंडळी, आणि त्यांच्यामधे मास्तर, मांडीवर बुटांचं खोकं घेऊन. शेजारच्या माणसाने विचारलंही, "नवीन बूट का?" मास्तर म्हणाले, "हो, पण पाय आतच राहिलेत." तो माणूस हसला नाही. मास्तरांनाही मग आपला विनोद आवडला नाही. बायको असती तर हसली असती, आणि नंतर म्हणाली असती, चारचौघांत असलं बोलत जाऊ नका.

डॉक्टर तरुण होते, पण मन लावून बघणारे. त्यांनी पाय हातात घेतला, हलकेच दाबला. पिल्लू किंचाळलं.

"संसर्ग झालाय. पायात काही अडकलं होतं का? काच, तार, असं काही?"

"नाही हो," मास्तर म्हणाले.

"बरं. कोमट पाण्यात मीठ घालून शेका, दिवसातून दोनतीनदा. हे मलम. जमीन कोरडी ठेवा. आणि आजोबा, बोट काळं पडायला लागलं तर वाट बघत बसू नका, घेऊन या. पाय जाईल, नाहीतर पिल्लू जाईल."

मास्तरांनी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. पण औषध एका बाजूला आणि सूज दुसऱ्या बाजूला, असं चाललं होतं.

फोन वाजला. मुलीचा होता. ती दूर, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता.

"बाबा, जेवलात?"

"जेवतोय."

"जेवतोय म्हणजे नाही. कधी येताय ते सांगा. खोली रिकामी करून ठेवलीय तुमच्यासाठी."

"येतो गं. जरा एक गिऱ्हाईक अडलंय."

"तुमचं नेहमीचंच. या वयात कोण आहे एवढं खोळंबलेलं?"

"आहे एक. पायाचं काम आहे. नाजूक आहे जरा."

"पायाचं? पायजमा वगैरे का?"

मास्तरांनी पिल्लाकडे पाहिलं. सांगावंसं वाटत होतं. पण सांगितलं की ती म्हणणार, एका पिल्लासाठी? आणि मग दोघांनाही आई आठवणार, दोघंही गप्प होणार, आणि फोनवरची गप्प बसलेली मुलगी मास्तरांना सोसत नसे.

"तसलंच काहीतरी," ते म्हणाले. "झालं की येतो."

फोन ठेवल्यावर घर एकदम मोठं झालं. खरं तर दीड खोलीचं घर. पुढे दुकान, मागे चूल, त्यामागे परसू. पण माणूस एकटं असलं की दीड खोलीतसुद्धा पावलं वाजतात. मास्तर मशीनवर बसले. कोणाचं तरी दप्तर शिवायला आलं होतं. सुई ओवताना दोरा दोनदा चुकला.

"आहात का मास्तर?"

शेजारच्या काकू दारात होत्या. काकूंच्याही कोंबड्या होत्या आणि तोंडाचा पट्टा कोंबड्यांच्या वरताण होता. हातात नातवाचं जाकीट, चेन बिघडलेली.

"एवढी बसवून द्या. घालतो तेव्हा अर्ध्यातच अडते. आणि ते काय, अजून जिवंत आहे होय?"

"आहे की."

काकूंनी खोक्यात वाकून पाहिलं. ओठ मुडपले. "खात नाही ना? मग कशाला जीव लावताय? आमच्याकडे परवाच पिल्लं निघालीत. देते दोन. एकमेकांना सोबत होईल."

"नको."

"अहो, फुकट देतेय."

"म्हणून नाही हो काकू." मास्तरांनी मान खाली घालून चेनचे दात तपासले. "हेच हवंय."

काकूंना काय समजायचं ते समजलं असावं. त्या स्टुलावर बसल्या. मास्तर चेन उसवत होते आणि काकूंना गप्प बसवत नव्हतं.

"वहिनींचा मात्र हात होता बाई कोंबड्यांना. आमची पिल्लं नि तुमची पिल्लं मिसळायची, पण कधी भांडण नाही. तुमच्यांच्या पायात निळा दोरा, आमच्यांच्या लाल. मी आपली एकदा बांधायची नि विसरायची. गेली दोन पिल्लं लंगडी होऊन. तेव्हापासून सोडला तो नाद. वहिनींचं तसं नव्हतं. दर चार दिवसांनी मांडीवर घेऊन बसायच्या एकेकाला."

"लाड करायची," मास्तर म्हणाले.

"लाड कसले? दोरा सैल करायच्या! वाढता पाय तो. आज बांधलेला दोरा आठवड्यात रुततो. ओढून सोडायचा नि परत बांधायचा. मला म्हणायच्या, काकू, बांधायला सगळ्यांना येतं."

मास्तरांनी मान वर केली.

हातातली चेन तशीच राहिली. मशीन रस्त्याकडे तोंड करून, परसाकडे त्यांची पाठ. दुपारी मागच्या पायरीवर ती पिल्लं घेऊन बसलेली असायची आणि मास्तर मान न वळवता विचारायचे, झाले का लाड? ती म्हणायची, होतायत. एवढंच. दोरा बांधताना त्यांनी तिला पाहिलं होतं. सोडताना कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, जाकीट उद्या न्या."

"अहो, उसवलंय तेवढं बसवा की."

"उद्या. हात जोडतो."

काकू त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून उठल्या. दारातून मागे वळून काही म्हणणार होत्या, पण म्हणाल्या नाहीत. जन्मात पहिल्यांदाच असेल.

मास्तरांनी पिल्लाला पुन्हा वाटीशी नेलं. या खेपेला पाणी जरा जास्त ऊन घेतलं आणि बराच वेळ पाय त्यात धरून ठेवला, खपली भिजून मऊ होईपर्यंत. मग ते दारातल्या उन्हात पायरीवर बसले, चष्म्यावर भिंगाचा चष्मा चढवला आणि दाभणाच्या बोथट बाजूने खपली हळूच सरकवली.

सुजलेल्या कातडीच्या दोन वळ्यांमधे, खोल, एक निळी रेघ होती.

ती निळाई त्यांच्या ओळखीची होती. जीन्सच्या शिवणीला वापरतात तो पक्का दोरा. बायको आपली रिळाच्या बुडाशी उरलेला साधा सुती दोरा घ्यायची. मास्तर म्हणाले होते, आपल्याकडे एवढा चांगला माल असताना तसला कशाला? पिल्लं निघाली तेव्हा तिची रीत मोडू नये म्हणून त्यांनी स्वतः एकेकाला धरून दोरे बांधले होते, न सुटणाऱ्या गाठीने. पुढे दोरा दिसेनासा झाला तेव्हा त्यांना वाटलं होतं, गळून पडला. आपली गाठ आणि गळून पडली, याची त्यांना थोडी लाजही वाटली होती. बाकीच्या पिल्लांना दोरा रुतण्याइतकं आयुष्यच मिळालं नाही. हे एक जगलं, म्हणून याच्या वाट्याला ते आलं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, काही अडकलं होतं का. ते म्हणाले होते, नाही. खोटं थोडंच बोलले होते? अडकलं नव्हतंच काही. त्यांनी बांधलं होतं.

"मीच रे," मास्तर पिल्लाला म्हणाले. "मीच बांधला तुझा पाय. आणि मीच आपला मलम लावत बसलोय."

पिल्लू हातात थरथरत होतं. रडायला पुढे वेळ होता. मास्तरांनी शिवण उसवायचं बारीक हत्यार देवापुढच्या दिव्याच्या ज्योतीत धरलं, पुसलं. कापडाला न दुखवता टाका कसा उचलायचा हे त्यांच्या हाताला माहीत होतं, पण कापड ओरडत नाही. हत्याराचं टोक दोऱ्याखाली घालताना पिल्लाने असा काही आकांत मांडला, की मास्तरांनी दोनदा हात मागे घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले नाहीत, एवढंच. दोरा ताणला आणि तुटला. गाठ मात्र तेव्हाही सुटली नाही. ती तशीच्या तशी, टणक, चिमटीत आली.

रक्त आलं, थोडा पू आला. मास्तरांनी पाण्याने धुतलं, आयोडीन लावलं, मलम लावलं. बाहेरचं बोट टोकाशी काळं पडत चाललं होतं. ते बहुधा जाणार होतं, त्यासाठी उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जायचं आणि या वेळी खरं काय ते सांगायचं. पण बाकीची बोटं बघता बघता जराशी निवळली. का त्यांना तसं वाटलं, कोण जाणे.

मलमलच्या पट्टीचे दोन वेढे देऊन झाले आणि मास्तरांची बोटं सवयीने गाठ मारायला वळली. पहिला पेच पडला, दुसरा पडणार, तेवढ्यात ते दचकून थांबले. तीच गाठ. बोटांना दुसरी येतच नव्हती. आणि ही पट्टी तर रोज सोडायची होती, रोज बांधायची होती, सूज उतरेल तशी सैल, घट्ट.

त्यांनी पेच सोडवला, पिल्लाला पट्टीसकट खोक्यात ठेवलं आणि खिळ्याखाली जाऊन उभे राहिले.

पिशवीच्या तोंडाशी ती गाठ होती. दोरीचे दोन वेढे, त्यातून निघालेला एक छोटासा फास, आणि बाजूला लोंबणारं एक टोक. मास्तरांनी चष्मा सारखा केला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. स्टूल घेऊन वरून पाहिलं. कोटाची बाही पाहून आतली शिवण सांगणारा माणूस, पण हातभर दोरीपुढे त्यांची मती चालेना. एक पदर आत शिरत होता आणि कुठून बाहेर येत होता ते दिसतच नव्हतं. आता उरला होता एकच मार्ग. हळूहळू सोडायची, पदर पदर बघत, म्हणजे उलट क्रमाने बांधता येईल.

त्यांनी पिशवी खाली काढून मांडीवर घेतली. टोक दोन बोटांत धरलं. पुष्कळ वेळ नुसतं धरून ठेवलं. तिच्या बोटांनंतर या टोकाला कोणाचं बोट लागलं नव्हतं.

मग त्यांनी ओढलं. अगदी हलकेच.

गाठ सुटली. सगळी, एकदम, काही आवाज न करता. इतकी सहज, की ती कशी बांधली होती ते पाहायचं राहूनच गेलं.

मास्तर बसून राहिले. पिशवी मांडीवर कलंडली आणि भरडा फरशीवर सांडला, पण तो आवरायला त्यांचा हात उठला नाही. भरड्याला कीड लागली होती. बारीक काळे किडे दाण्यांतून वाट काढत उजेडातून पळू लागले.

खोक्यात खुडबुड झाली. पिल्लाने काठावर चोच टेकवली, धडपडलं आणि चिंध्यांसकट बाहेर पडलं. एक पाय उचललेला, मागे सुटलेल्या पट्टीचं शेपूट, अशा थाटात ते लंगडत भरड्यापाशी आलं. मान वाकडी करून त्याने एका किड्याकडे पाहिलं आणि टिपला. मग दुसरा. मग एक दाणा.

"खा," मास्तर म्हणाले. "तुझ्यासाठीच बांधून ठेवलं होतं. मीच अडवून बसलो होतो."

मग मात्र त्यांना रडू आवरलं नाही. ते बराच वेळ रडले आणि पिल्लू बराच वेळ खात राहिलं.

डोळे पुसून त्यांनी दोरी उचलली. इतके दिवस एका जागी बांधलेली म्हणून तिच्यावर वळ राहिले होते, इथे एक, पुढे लागोपाठ दोन. मास्तरांनी ती ताणली नाही. तशीच, वळ न मोडता, खिळ्याला अडकवली. नंतर पिल्लाला मांडीवर घेऊन ते मागच्या पायरीवर जाऊन बसले आणि पट्टीची टोकं एकमेकांत गुंतवून पाहू लागले. दोनदा भलतंच काही झालं. तिसऱ्यांदा काहीतरी धरलं. तिच्या गाठीसारखं ते दिसत नव्हतं, पण एक टोक बाहेर राहिलं होतं. ते टोक त्यांनी ओढून पाहिलं, सुटतंय याची खात्री केली आणि पुन्हा बांधलं.

पिशवीचं तोंड मात्र त्यांनी उघडंच ठेवलं.